ओल्या कचऱ्याचा बायोगॅस: टाकी आंबू न देता कशी सुरू करावी

टाकी बसवणं, नळ्या जोडणं, साबणाच्या फेसाने गळती तपासणं हे एका सुट्टीत होतं. त्यावर लिहीत नाही. १,००० लिटरची टाकी आणि तिच्यात उलटी तरंगणारी, गॅस साठवणारी जरा लहान टाकी, असा साधा संच गृहीत धरतो. जागा मात्र उन्हाची हवी. जिवाणूंना ३० ते ३७ अंश सेल्सिअस मानवतं. १५ च्या खाली त्यांचं काम जवळजवळ थांबतं.

ताजं शेण आणि पाणी निम्मं-निम्मं कालवून, काड्या-दगड काढून टाकी भरा. पाण्यात क्लोरीन असेल तर ते आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा. चालू संयंत्रातली दोन-चार बादल्या मळी (टाकीतून बाहेर पडणारं पातळ रबडं) मिळाली तर विरजण म्हणून जरूर घाला. बाजारातली पावडर, यीस्ट, गूळ यांची काहीही गरज नाही.

आता खरी अडचण. माझी पहिली टाकी इथेच गेली. पाचव्या दिवशी वरची टाकी उचलली गेली आणि मला वाटलं, गॅस सुरू झाला. त्याच दिवसापासून रोज बादलीभर खरकटं घालत गेलो. आठवड्याभरात आंबट वास सुटला आणि वरची टाकी खाली बसली, ती बसलीच. शेवटी सगळं उपसून नव्याने भरावं लागलं.

झालं असं, की टाकीत दोन तऱ्हेचे जिवाणू असतात. एक अन्न फोडून आम्ल करतात. ते काही तासांत दुप्पट होतात. दुसरे त्या आम्लापासून मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करतात. त्यांना दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. घाईने अन्न घातलं की आम्ल साचतं, आणि त्या आम्लातच मिथेनवाले निकामी होतात. सुरुवातीचा तो फुगाही मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि टाकीत अडकलेली हवा. तो जळत नाही, किंवा हवा मिसळलेली असल्याने धोक्याचा असतो. वरची टाकी पहिल्या दोन वेळा भरेल तो गॅस उघड्यावर सोडून द्या.

म्हणून माझा नियम: निळी, स्थिर ज्योत दिसेपर्यंत कचऱ्याचा एक कणही नाही. याला दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. ज्योत टाकीपासून दूर, शेगडीवरच तपासा. टाकीच्या तोंडाशी काडी कधीही ओढू नका. मग बारीक केलेला कचरा तेवढ्याच पाण्यात कालवून रोज २०० ग्रॅम. आठवडाभर ज्योत टिकली तर दुप्पट. या आकाराच्या टाकीला ३ ते ४ किलोच्या पुढे मी जात नाही. ‘जितका कचरा तितका गॅस’ हा सल्ला देणाऱ्याने टाकी चालवलेली नसते.

वर आलेल्या टाकीवर विसंबू नका, आम्लता दाखवणारी पीएच पट्टी वापरा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. ६.८ ते ७.५ ठीक. ६.५ च्या खाली गेला की कचरा घालणं त्याच क्षणी बंद. अर्धा किलो खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, दुसऱ्या दिवशी मोजा, गरज असेल तर पुन्हा. चुना ओतू नका: तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, आकडा थोडा चढतो आणि दोन दिवसांत पुन्हा घसरतो. बाहेरून मळी आणता आली तर तीही घाला. नंतर थांबा, दहा दिवस लागले तरी.

लिंबूवर्गीय साली, हाडं, अंड्यांची टरफलं, जास्त तेल, साबणाचं पाणी टाकीत नको.

शेगडीचं छिद्र मोठं करावं लागतं, कारण या गॅसचा दाब आणि उष्णता दोन्ही एलपीजीपेक्षा कमी. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा, नाहीतर ज्योत फडफडते.

कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, म्हणजे वास गेला तरी धोका गेलेला नसतो. रिकामी केलेली टाकीही आत उतरून साफ करू नका. बाहेरूनच पाण्याने धुवा. रोज बाहेर पडणारी मळी पाण्यात पातळ करून झाडांना घाला.