गणपती गेले की दुसऱ्या दिवशी मखर बांधू नका

दरवर्षी श्रावण सरत आला की सातारा-सांगलीकडे माळ्यावरून मखर खाली येतं आणि पाठोपाठ घरात ओरडा सुरू होतो. मागच्या पडद्यावर काळे ठिपके, माळेतले अर्धे दिवे गेलेले, गौरीच्या नाकाचा रंग उडालेला, मखराचे चार बोल्ट बेपत्ता. दोष कधी उंदराला, कधी दुकानदाराला, बहुतेक वेळा घरातल्या सुनेला. खरी चूक झालेली असते वर्षभरापूर्वी, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. पाट रिकामा झाला की घर भकास दिसतं, ते बघवत नाही, आणि मग तासाभरात सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं जातं.

या घाईचं मूळ दुखणं म्हणजे भाद्रपदातली हवा. पाऊस अजून गेलेला नसतो. कापड हाताला कोरडं लागतं, पण ते कोरडं नसतं. सुती पडदा, मखमल, पुठ्ठा, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) हे सगळं हवेतली ओल धरून ठेवतं. त्यात आठ-दहा दिवस देवापुढे धूप, कापूर, निरांजन, माणसांची वर्दळ आणि ओल्या फुलांचे हार. अशी ओल धरलेली चीज प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधलं की ओल आतच कोंडते. रात्री गारवा वाढला की पिशवीच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होतात, ते कापडावर उतरतात, आणि पंधरवड्यात बुरशी धरते. पिशवी वर्षभर उघडायची नसते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री ती उघडते आणि कुबट वास घरभर होतो. मग कुणीतरी पडदा साबणात भिजवतं. त्यावर हळदीचे डाग असतात, ते साबणाने लालभडक होतात. रात्री अकरा वाजता नवा पडदा कुठून आणणार? शेवटी आईची एखादी साडी मागे लावून वेळ निभावली जाते. हा प्रसंग दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतो आणि दरवर्षी तो ‘यंदा पाऊसच फार’ या नावावर खपतो.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. बांधणी दोनदा करायची, एक कच्ची आणि एक पक्की.

कच्ची बांधणी विसर्जनानंतर. सुकी फुलं, दुर्वा, हाराचे दोरे, टाचण्या, कुंकू, अक्षता सगळं काढा. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, ओलं फडकं फिरवू नका. पडदे घरातच दोरीवर, पंख्याखाली. मखराच्या फळ्या भिंतीला चिकटवून न ठेवता चार बोटं जागा सोडून उभ्या करा, वर जुनी सुती चादर टाका. बाकीचं सामान झाकण न लावलेल्या क्रेटमध्ये. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात हा पसारा तीन-चार आठवडे दिसणार. दिसू दे.

पक्की बांधणी नवरात्रातल्या साफसफाईबरोबर किंवा दसऱ्यानंतर, ऊन कडक झाल्यावर. साधं सुती कापड सकाळचे दोन तास उन्हात. हळदीचे राहिलेले डागही या उन्हाने फिके पडतात. मखमल, जरीचं कापड आणि रंगीत कागद मात्र सावलीतल्या वाऱ्यावरच. उन्हातनं आणलेलं सामान थेट डब्यात घालू नका. तासभर घरात निवू द्या, नाहीतर गरम हवा डब्यात कोंडून पुन्हा घाम सुटतो. झाकण दुपारी लावा, दिवेलागणीनंतर नाही.

जागेप्रमाणे यात फरक करावा लागतो. जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूला हवा लवकर कोरडी होते, तिथे पंधरा दिवस पुरतात. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे मात्र दिवाळीपर्यंत थांबा. तिकडे दसऱ्यालाही भिंती पाझरत असतात.

दुसरी आवडती चूक म्हणजे डांबर गोळ्या. वहिनींचा हात फार सढळ असतो. एका डब्यात दहा-दहा गोळ्या, तेही मोत्यांच्या माळा, थर्माकोलची कमळं आणि जरीच्या साड्या एकत्र कोंबून. डांबर गोळी हळूहळू उडून जाते, तिची वाफ बंद डब्यात साचते, आणि थर्माकोल किंवा त्याच जातीचं स्वस्त कडक प्लास्टिक ती वाफ शोषून मऊ पडतं. वर्षभराने डबा उघडावा तर मोती एकमेकांना आणि कापडाला चिकटलेले, कमळाच्या पाकळ्यांना खळगे, आणि रंग हाताला लागतोय. घरच्यांना वाटतं माळ्यावरच्या उकाड्याने वितळलं. पुढच्या वर्षी डबा गार जागी ठेवतात, गोळ्या तेवढ्याच घालतात, आणि पुन्हा तेच. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. तरी जुनी मखरं अजून कित्येक माळ्यांवर आहेत, आणि त्यांचा निम्मा नाश या गोळ्यांनीच केला आहे.

गोळ्या घालायच्याच असतील तर फक्त सुती कपड्यांच्या डब्यात, मलमलीच्या पुरचुंडीत, दोन-तीन. बाकी ठिकाणी सावलीत कडकडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला चालतो. पाला हिरवट राहिला तर त्याचीच ओल लागेल. खरं सांगायचं तर किडे गोळीने थांबत नाहीत, स्वच्छतेने थांबतात. गौरीच्या पदराला पुरणाचा कण, मखराच्या खाचेत मोदकाचा चुरा, पाटाखालच्या कापडाला तुपाचा डाग, एवढं मुंग्या, झुरळं आणि उंदरांना आमंत्रण द्यायला पुरतं.

दिव्यांच्या माळेला कोपराभोवती गुंडाळणाऱ्यांना काय सांगावं? प्रत्येक वेढ्याला वायरीत एक पीळ बसतो, सोडताना तो गाठ होतो, गाठ ओढली की आतली बारीक तार तुटते. एका गटातले दिवे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक सांधा सुटला की अख्खा गट जातो. फूटभर लांब आणि वीतभर रुंद जाड पुठ्ठा घ्या, दोन्ही टोकांना खाच पाडा, शेवटच्या दिव्याकडून सुरुवात करून सैल गुंडाळा. तीस फुटांची माळ साधारण पंधरा वेढ्यांत बसते. प्लग बाहेर राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी न उलगडता माळ लावून बघता येते. एलईडीची असेल तर मिनिटभर गुंडाळलेली पेटली तरी बिघडत नाही. जुन्या बारीक बल्बांची माळ मात्र गुंडाळलेली पेटवू नका, ती तापते. ठेवण्याआधी माळ लागते का ते बघा, गेलेली माळ जपून ठेवण्यात काय हशील? उंदराने कुरतडलेल्या वायरीला सेलोटेप लावून पुन्हा वापरणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. सेलवर चालणाऱ्या माळांचे आणि दिव्यांचे सेल काढा. वर्षभर आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवट भुकटी धरते.

गौरीचे मुखवटे वर्तमानपत्रात गुंडाळू नका. शाई गालाला लागते आणि कागद ओल ओढतो. आधी नथ, कानातले, मुकुट काढा, कारण नथीची तार दाबली गेली की नाकाचा टवका उडतो. मऊ धुतलेल्या मलमलीच्या दोन घड्या, त्यावर जुन्या टॉवेलची चुंबळ, आणि मुखवटा उताणा, तोंड वर. शाडूचा असेल तर त्याला ओलं फडकं चुकूनही नको. एकावर एक मुखवटे रचू नयेत हे सांगावं लागू नये, पण लागतं.

जरीच्या साड्या प्लास्टिकात नकोत, त्यात जर काळवंडते. सुती कापडात ठेवा, आणि वर्षातून एकदा घडी मोडून दुसऱ्या जागी पाडा, नाहीतर घडीवरच साडी चिरते.

रबर बँड अजिबात नको. उन्हाळ्यात तो वितळतो नाहीतर कडक होऊन तुटतो, आणि आकाशकंदिलाच्या कागदावर तपकिरी पट्टा कायमचा राहतो. सुती नाडी किंवा सुतळी वापरा. कंदिलातला होल्डर आणि बल्ब वेगळे काढा.

पितळी समया तेलासकट ठेवल्या की तेलाचा चिकट थर बसतो, मग खरवडत बसा. चिंच-मिठाने घासल्यावर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या करा. चिंच राहिली की हिरवं धरतं.

आता खोक्यांबद्दल. आपल्याकडे तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात बेदाण्याच्या आणि द्राक्षांच्या पेट्या फुकट मिळतात, म्हणून सगळी सजावट त्यातच. बेदाण्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यात साखर मुरलेली असते, मुंग्यांना ती कळते. द्राक्षाच्या पेटीला हवेसाठी भोकं असतात, तिथून झुरळं आत जातात. पुठ्ठा ओल धरतो ते वेगळंच. हळदीचं रिकामं पोतं तर सरळ नाकारा. कितीही झाडलं तरी पांढऱ्या पडद्याला पिवळी छटा येणारच. झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट किंवा घरातली जुनी पत्र्याची ट्रंक बरी, तीही तळाला गंज नाही ना हे बघून. पत्र्याला थेट कापड लागू नये म्हणून तळाशी जाड सुती कापड घाला.

मखराचे नट-बोल्ट चहाच्या डब्यात, स्क्रू ड्रायव्हरच्या पेटीत, कुणाच्या तरी खिशात, हे बंद करा. एका जाड पिशवीत सगळे घालून ती पिशवी चौकटीच्या मधल्या पाइपलाच सुतळीने बांधा. पिशवीत संख्येची चिठ्ठी: मोठे बोल्ट ८, लहान १२, वायसर २०, जे असतील ते. फळ्यांच्या मागे पेन्सिलने ‘डावी १’, ‘उजवी २’ असे आकडे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखी खूण. सुटं करायच्या आधी पुढून, मागून आणि कोपऱ्यातून एकेक फोटो काढा. ‘लक्षात राहतं की’ म्हणणारा दादा पुढच्या वर्षी चतुर्थीच्या रात्री नेमका पुण्यात असतो.

एमडीएफच्या आणि सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या) फळ्या आडव्या, सपाट ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवल्या की वर्षात कमान होते. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर सनबोर्ड नकोच. एप्रिल-मेमध्ये तिथे इतकं तापतं की ग्लूगनने चिकटवलेले सांधे सुटतात.

नावं झाकणावर लिहू नका, एकावर एक डबे रचले की ती दिसत नाहीत. डब्याच्या दोन बाजूंना लिहा. ‘गणपती’ एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिणंच. ‘मागचा पडदा, झालर, पाट, टेबलाचं कापड’ असं लिहा. रचतानाही उलटा क्रम धरा: जे आधी लागतं, म्हणजे चौकट आणि पडदा, ते सर्वांत वर. गौरीचं सामान खाली, ते दोन-तीन दिवसांनी लागतं. दिवाळीचा डबा वेगळ्या रंगाचा.

राहता राहिली जागा. कृष्णाकाठच्या सांगलीत तळमजल्याचा माळा उंच समजणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ आठवावा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, आणि चतुर्थी होती २ सप्टेंबरला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. सजावट वर्षातला सगळ्यात धोक्याचा काळ, म्हणजे आषाढ-श्रावण, डब्यातच काढते. त्यामुळे पूररेषेत घर असेल तर मुखवटे, साड्या, दिव्यांच्या माळा आणि एमडीएफच्या फळ्या वरच्या मजल्यावर. वरचा मजला नसेल तर मुखवटे आणि साड्या जूनमध्येच उंचावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवा, दोन पिशव्यांचं काम आहे. पीव्हीसीचे पाइप, पितळी समया, प्लास्टिकचा पाट खाली राहिले तरी चालतील, गाळ धुतला की ते पुन्हा उभे राहतात.