स्टेल्व्हिओ चढताना जॅकेट गाडीत टाकू नका

सायकलच्या गाइडेड टूरमध्ये इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड असेल तर पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूनेच चढा. सुमारे २५ किलोमीटर, १,८०० मीटर चढ, माथा २,७५७ मीटरवर. वळणांच्या पाट्या ४८ पासून उलट्या मोजत जातात, त्याने फार धीर येतो! खाली झाडीत घाम निथळतो, तेव्हा जॅकेट सोबत चालणाऱ्या सपोर्ट गाडीत टाकावंसं वाटतं. टाकू नका. गाडी नेमकी मागच्या रायडरपाशी असू शकते. वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे जर्सीच्या मागच्या खिशातच ठेवा. भर उन्हाळ्यातही माथ्यावर ओली जर्सी पाठीला गार चिकटते, आणि गारठलेल्या बोटांनी उतारावर ब्रेक नीट दाबले जात नाहीत. गिअर हलका घ्या: पुढच्या दातेरी चकतीला ३४, मागच्या चकतीला ३२ दात.