लोगो छापखान्यात देण्यापूर्वी

व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेला, लोगो छपाईला देताना सर्वाधिक घोटाळा अक्षरांचा होतो, आणि मराठी अक्षरांचा तर हमखास होतो; कारण आपल्या संगणकावरील फॉन्ट छापखान्यातील संगणकावर नसेल, तर तेथे दुसराच फॉन्ट लागतो, जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी सर्व मजकुराचे आकारांत रूपांतर करावे. कोरलड्रॉ या चित्ररचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू ही बटणे एकत्र दाबली की हे काम होते. छापखान्याच्या बोलीत यालाच ‘कर्व्ह करणे’ म्हणतात. मात्र त्यानंतर शुद्धलेखनाची चूक टंकून सुधारता येत नाही, त्यामुळे मूळ फाइलची प्रत आधीच वेगळी जपून ठेवावी.

लोगोतील रेषांचेही आकारांत रूपांतर करावे, अन्यथा लोगो लहान-मोठा करताना रेषेची जाडी त्या प्रमाणात बदलेलच असे नाही आणि व्हिजिटिंग कार्डावर नाजूक नक्षीचा गोळा होतो.

रंग आरजीबीऐवजी (पडद्यावरील लाल, हिरवा, निळा) सीएमवायकेमध्ये (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांत) ठेवावेत. पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा हिरवा कागदावर मंदच उतरतो, हे ग्राहकाला आधीच सांगितलेले बरे. बारीक काळी अक्षरे केवळ १०० टक्के काळ्या शाईतच असावीत, कारण चार शाया किंचित जरी सरकल्या तरी अक्षरांच्या कडांना रंगीत सावली दिसते. पार्श्वरंग कागदाच्या कडेपर्यंत जात असल्यास तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवावा आणि फाइल पीडीएफ स्वरूपात द्यावी.