एफएमआरआय मॉडेलमध्ये रिअॅक्शन टाइम घेताना या चुका टाळा

एफएमआरआय म्हणजे मेंदूतलं काम रक्तप्रवाहावरून मोजणारं स्कॅनिंग; त्याच्या मॉडेलमध्ये रिअॅक्शन टाइम, म्हणजे उत्तर द्यायला लागलेला वेळ, नीट धरला नाही तर निकाल फसवतात. स्ट्रूप टास्क घ्या. शब्द "लाल", शाई निळी, आणि शाईचा रंग सांगायचा. अशा ट्रायलला (प्रश्नोत्तराच्या एका फेरीला) उत्तर यायला उशीर लागतो हे सगळ्यांना माहितीये, तरी जीएलएम (सिग्नलचं गणिती मॉडेल) बनवताना आपण प्रत्येक ट्रायलला तेच 1 सेकंदाचं ड्युरेशन देतो आणि अँटीरियर सिंग्युलेट हा मेंदूचा भाग उजळला की कॉन्फ्लिक्ट (शब्द आणि रंगातला संघर्ष) सापडला म्हणतो. अहो, बोल्ड सिग्नल, म्हणजे एफएमआरआय मोजतो तो रक्तातल्या ऑक्सिजनवर अवलंबून असलेला सिग्नल, संथ असतो, पीक यायलाच 5-6 सेकंद जातात, त्यामुळे 600 मिलिसेकंद चाललेलं काम आणि 1200 मिलिसेकंद चाललेलं काम यातला फरक मुख्यतः उंचीत दिसतो. म्हणजे मेंदूने तेच काम नुसतं जास्त वेळ केलं तरी ॲक्टिव्हेशन वाढलेलं दिसणार! ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच हा मुद्दा मांडला होता, आणि तरीही ही चूक अजून होते याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग काहीजण दुसऱ्या टोकाला जातात, प्रत्येक कंडिशनच्या (उदा. शब्द-रंग जुळणाऱ्या किंवा न जुळणाऱ्या ट्रायल्सच्या) रिग्रेसरचं (मॉडेलमधल्या अपेक्षित सिग्नलच्या कॉलमचं) ड्युरेशनच रिअॅक्शन टाइमएवढं करतात. पण जो भाग फक्त चित्र दिसल्यावर ठराविक वेळ चालतो, उत्तर कधी दिलं याच्याशी ज्याला घेणंदेणं नाही, तिथे आता उलट्या दिशेचा खोटा फरक येतो. त्यापेक्षा प्रत्येक कंडिशनला फिक्स ड्युरेशनचा रिग्रेसर ठेवा आणि सगळ्या ट्रायल्स मिळून एकच जादा रिग्रेसर द्या, ज्याचं ड्युरेशन म्हणजे त्या ट्रायलचा रिअॅक्शन टाइम. कॉन्ट्रास्ट, म्हणजे कंडिशन्समधली तुलना, फिक्स ड्युरेशनवाल्या रिग्रेसर्सचाच घ्यायचा.

आणि हा जादा रिग्रेसर ऑर्थोगोनलाइज करू नका (म्हणजे कंडिशनच्या रिग्रेसरशी असलेला त्याचा सामायिक भाग काढून टाकू नका), कारण मग सामायिक व्हेरियन्स परत कंडिशनच्याच खात्यात जातो, म्हणजे सगळी मेहनत वाया. पॅरामेट्रिक मॉड्युलेटर (ड्युरेशनऐवजी रिअॅक्शन टाइमप्रमाणे उंची बदलणारा रिग्रेसर) वापरत असाल तर एसपीएम या सॉफ्टवेअरमध्ये हे डिफॉल्टनेच चालू असतं, बंद करा. रिअॅक्शन टाइममधून मीन (सरासरी) वजा करताना सगळ्या ट्रायल्सचा मिळून एकच करा, कंडिशनप्रमाणे वेगवेगळा केलात तर दोन कंडिशन्समधला वेळेचा फरक कॉन्ट्रास्टमध्ये तसाच राहतो.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या पण रात्र घालवणाऱ्या गोष्टी: एफएसएल या सॉफ्टवेअरच्या तीन कॉलमच्या फाइलमध्ये सुरुवातीची वेळ आणि ड्युरेशन सेकंदात लागतं, 850 मिलिसेकंदांचं 850 तसंच टाकलं तर 850 सेकंदांचा ब्लॉक होतो, म्हणून डिझाइन मॅट्रिक्स डोळ्याने बघाच. उत्तरच न दिलेल्या ट्रायलपुढे लॉगमध्ये बऱ्याचदा 0 असतं, तो काही झटपट प्रतिसाद नाही, त्या ट्रायल्सना वेगळा रिग्रेसर द्या.