सिझर लिफ्टचा टिल्ट सेन्सर 'झीरो' करण्याआधी मशीन १८० अंश फिरवून बघा

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांच्या शेडमध्ये फरशीला पाणी वाहून जायला थोडा उतार असतोच. तिथेच सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या दांड्यांवर प्लॅटफॉर्म वर नेणारी मशीन) उभी करून टिल्ट सेन्सर (मशीन किती कललीय ते मोजून अलार्म वाजवणारा) झीरो केला, म्हणजे आहे ती स्थिती शून्य धरायला लावली, की तो उतारच सेन्सरला 'सपाट' वाटू लागतो. मग अलार्म उशिरा वाजतो किंवा उगाच.

डिस्प्लेवर डिग्री दिसत असेल तर असं करा:

१. प्लॅटफॉर्म पूर्ण खाली, रिकामा. चारही चाकांच्या जागा खडूने आखा, रीडिंग लिहा.
२. मशीन १८० अंश फिरवून त्याच खुणांवर आणा. पुन्हा रीडिंग.
३. दोन्ही आकडे चिन्हासकट जोडून निम्मे करा. तेवढी सेन्सरची चूक, बाकी फरशीचा उतार.

म्हणजे आधी +१.० आणि मग -०.४ आलं, तर सेन्सर ०.३ ने चुकतोय, फरशी ०.७ ने कललीय. +०.८ आणि -०.८ आलं तर सेन्सरला हातच लावू नका! आडवं (डावी-उजवी बाजू) आणि उभं (पुढे-मागे) दोन्ही रीडिंग बघा. आडव्या कलाची मर्यादा बहुतेक सिझर लिफ्टमध्ये उभ्यापेक्षा कमी असते. हवेचे टायर असतील तर हवा आधी सारखी करून घ्या, नाहीतर सगळा हिशोब वाया.

चूक निघाली तर कॅलिब्रेशन मॅन्युअलप्रमाणे, माहीतगार मेकॅनिककडूनच. काम अडलंय म्हणून सेन्सरची वायर काढून 'डायरेक्ट' करू नका.