गिनीपिगच्या वेताची तयारी: सर्वांत आधी नर वेगळा करा

मादी गाभण असल्याची नुसती शंका आली तरी पहिले काम दुसरा पिंजरा मांडण्याचे आहे, आणि त्या दुसऱ्या पिंजऱ्यात मादीला नव्हे, तर नराला हलवायचे आहे. मादी आपल्या सवयीच्या जागीच राहू द्यावी, कारण गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात जागा बदलल्याचा ताण तिला झेपत नाही. गिनीपिगची मादी व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि नर जवळ असेल तर पिल्लांचे अंग वाळते न वाळते तोच ती पुन्हा गाभण राहते. मागच्या वेताला आमच्याकडे बाकी सगळी तयारी झाली होती, एवढेच राहून गेले होते. त्यामुळे एका वेताला दूध पाजत असतानाच दुसरे वेत पोटात वाढवण्याचा भार त्या मादीवर पडला आणि तिची पाठीची हाडे हाताला लागू लागली. म्हणून या यादीतले बाकी काही मागेपुढे झाले तरी चालेल, पण नर वेगळा करण्याचे काम आजच व्हायला हवे.

‘अजून वेळ आहे’ हा हिशेब येथे चालत नाही. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, म्हणजे अंदाजातच जवळपास दोन आठवड्यांचा फरक पडतो, आणि मादी आणली तेव्हाच गाभण असेल तर मोजायला पहिला दिवसही हाती नसतो. व्यायची वेळ जवळ आल्यावर कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा सुटून तेथे बोटभर फट लागते; तथापि ही खूण शेवटच्या एकदोन दिवसांतच मिळते आणि ती चाचपण्यासाठी मादीला वारंवार उचलणे बरे नव्हे. नराचे खच्चीकरण करून घेतले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण त्यानंतरही काही आठवडे तो फळवू शकतो. दोन्ही पिंजरे शेजारी ठेवल्यास नराला सोबत वाटते. मात्र मधली जाळी नीट तपासून घ्यावी.

पशुवैद्याचा शोध मादी अडल्यावर नव्हे, आताच घ्यावा. कुत्र्यामांजरांचा अनुभव असलेल्या प्रत्येक डॉक्टरांना गिनीपिगची माहिती असतेच असे नाही. पेनिसिलिन गटातली तोंडावाटे दिलेली औषधे या प्राण्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्यातून तो दगावू शकतो; हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडेच जावे. मादीचे पहिलेच वेत असून तिचे वय सहासात महिन्यांच्या पुढे असेल, तर डॉक्टरांना तसे आधीच सांगून ठेवावे. त्या वयापर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीचा कमरेचा सांधा पुरेसा सुटत नाही आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. अशा मादीला हौसेखातर फळवू तर मुळीच नये.

खाण्यात वाळलेले गवत आणि पाणी सतत हवे, हे पाळणाऱ्याला सांगावे लागू नये. एरवी टाळला जाणारा लसूणघास गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला जोडीला द्यावा, कारण तिला कॅल्शियम आणि प्रथिने अधिक लागतात. क जीवनसत्त्वाकडे मात्र जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही ते तयार करू शकत नाही आणि गाभण मादीची गरज नेहमीपेक्षा बरीच जास्त असते. ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज द्यावी, पूरक मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि ती थेट तोंडात द्यावी. पाण्याच्या बाटलीत औषध घालून मोकळे होण्याची पद्धत निरुपयोगी आहे. ते पाण्यात लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने मादी पाणी पिणेच कमी करते. दाण्याच्या, म्हणजे गिनीपिगच्या तयार गोळीखाद्याच्या, पिशवीवरची तारीखही पाहावी, कारण साठवणीत दाण्यातले हे जीवनसत्त्व काही महिन्यांत उतरते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा पिंजऱ्याजवळ ठेवावा. उथळ टोपलीत कापड अंथरून, दोन्ही हातांचा आधार देऊन मादीला त्यात बसवावे आणि आठवड्यातून दोनदा वजन लिहून ठेवावे. वजन उतरले, किंवा आवडीची पालेभाजी समोर असूनही ती कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहिली, तर सकाळपर्यंत थांबू नये. शेवटचे दोन आठवडे आणि व्याल्यानंतरचा पहिला आठवडा या काळात उपाशी राहिलेल्या मादीच्या रक्तात विषारी द्रव्ये साठून ती फार झपाट्याने खालावते. स्थूल माद्यांना हा धोका अधिक असतो.

पिंजऱ्यातले चढ आणि माळे काढून टाकावेत. दोन तोंडांचा आडोसा ठेवावा. तळ जाळीचा नसावा, गजांच्या रुंद फटी पुठ्ठ्याने बंद कराव्यात, पाण्याच्या बाटलीची एक नळी पिल्लांच्या तोंडाला पोहोचेल इतकी खाली लावावी. देवदाराचा भुसा वापरू नये. आणि हे सर्व मांडताना नर अजून त्याच पिंजऱ्यात असेल, तर हातातले काम तेथेच सोडून आधी त्याला हलवावे.

प्रसूती बहुधा अर्ध्या तासात आटोपते आणि त्यात माणसाचे काम जवळपास नसते. मादी बसल्या बसल्या पुढे वाकून पिल्लू ओढून घेते, दातांनी पिशवी फाडते, पिल्लाला चाटते आणि वार खाऊन टाकते. एखाद्या पिल्लाच्या नाकावर पिशवी तशीच राहिली आणि आई दुसऱ्यात गुंतली असेल, तरच स्वच्छ रुमालाने नाक मोकळे करावे. सतत जोर देऊनही वीस मिनिटांत पिल्लू आले नाही, किंवा रक्त वा हिरवट स्राव जाऊ लागला, तर मादी अडली आहे असे समजून लगेच निघावे.

पिल्ले उघड्या डोळ्यांनी, अंगभर केसांनी आणि दातांसह जन्मतात, आणि एखाद्या दिवसातच स्वतःपेक्षा लांब गवताची काडी तोंडात धरून ती टोकापर्यंत कुरतडण्याची खटपट सुरू करतात. म्हणून दूध लागत नाही असे नव्हे. आईला दोनच सड असल्याने तीनचार पिल्ले पाळीने पितात, त्यात मागे पडणारे पिल्लू रोजच्या वजनातूनच कळते. जन्मतः वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम असते. पहिल्या दिवशी थोडे उतरले तरी चालते, पुढे वाढ दिसली पाहिजे. बाटलीने किंवा सिरिंजने घाईघाईत दूध पाजू नये, ते फुफ्फुसात जाते.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी नर पिल्ले आईपासून आणि बहिणींपासून वेगळी करावीत. २१ दिवस म्हणजे २१ दिवस. नर-मादी ओळखण्याबाबत खात्री नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. वेगळी काढलेली नर पिल्ले बापाच्या पिंजऱ्यात, आधी थोडा वेळ नजरेसमोर ठेवून, सोडता येतात. मुली आईपाशी राहतील. बाप मात्र त्या पिंजऱ्यात परत जाणार नाही, खच्चीकरण होऊन डॉक्टरांनी सांगितलेली मुदत उलटेपर्यंत.