स्नोमोबाईलचा आवाज फाटका येतोय? सायलेन्सर कापायच्या आधी हे करा
जाड, खोल आवाज पाहिजे म्हणून लोक थेट कंपनीचा सायलेन्सर कापायला घेतात, पण बऱ्याचदा आवाज फाटतो तो जॉइंटमधून गॅस लीक होत असल्यामुळे.

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग पाइपच्या जॉइंटभोवती काळे तेलकट डाग दिसतात का बघा, टू-स्ट्रोकमध्ये लगेच कळतं.
२. जॉइंट घट्ट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग काढा, ढिल्या झालेल्या बदला.
३. जॉइंट घासून हाय-टेम्परेचर सिलिकॉन लावा, स्प्रिंग परत बसवा आणि त्यांच्यावर पण सिलिकॉनची एक रेघ ओढा म्हणजे खडखड कमी होते.
४. २४ तास सुकू द्या.

टू-स्ट्रोकच्या फुगीर पाइपला भोक मात्र अजिबात पाडू नका, पॉवर जाते.